स्लाइड पाठवायच्या तर पीडीएफ करून

पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट नसतो. समोरच्याच्या संगणकावर तो नसेल तर दुसराच वापरला जातो आणि ओळी चौकटीबाहेर पळतात. मराठीचे हाल तर विचारू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट रोमन अक्षरांची खिचडी होतो. पीडीएफ करताना वापरलेली अक्षरं सहसा फाइलच्या आतच बांधली जातात, त्यामुळे पान मोबाइलवरही तसंच दिसतं. अडोबीने १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार २००८ पासून आयएसओचं मानक आहे.

करायला सोपं. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडायचं, गूगल स्लाइड्समध्ये ‘डाउनलोड’.

ॲनिमेशन मात्र जातं. क्लिकसरशी एकावर एक येणारी चित्रं पीडीएफमध्ये सगळी एकदम, एकमेकांना झाकून उभी राहतात. अशी स्लाइड आधीच दोन-तीन स्लाइडांत फोडावी. व्हिडिओचंही नुसतं चित्र उरतं. ‘सेव्ह ॲज’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये लपवलेल्या स्लाइडसमोर खूण आहे का, हे पाठवण्यापूर्वी बघा, ग्राहकाला दाखवायचा नसलेला दर तिथूनच बाहेर पडतो.

आणि मूळ फाइल पुसू नका. पीडीएफवरून ती पुन्हा धड बनत नाही.