हबशांच्या देशात गोव्याचे पाद्री

अणदूरच्या शेजारी नळदुर्ग, आणि त्याच धाराशिव जिल्ह्यात परंडा. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर हबशी सरदार मलिक अंबरने निजामशाहीची गादी परंड्यात मांडली. त्यामुळे हबशी म्हटले की इकडे मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात आणि हबशांचा मुलूख, म्हणजे इथिओपिया, मुसलमानी असणार, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात इथिओपियाची गादी चौथ्या शतकातल्या एझाना राजापासून ख्रिस्ती होती. अंबर मुसलमान झाला तो गुलाम म्हणून विकला गेल्यावर.

मग अशा ख्रिस्ती राज्यात गोव्याहून गेलेल्या कॅथलिक पाद्र्यांचा छळ झाला, तो कसा? कारण तिथले ऑर्थोडॉक्स चर्च पोपला मानत नव्हते. त्याचा मुख्य धर्माधिकारी इजिप्तहून येई. लोक रविवारासोबत शनिवारही पाळत, मुलांची सुंता करत. गोव्याहून निघणाऱ्या जेज्वीट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या लेखी ही सारी वाट चुकलेली माणसे होती.

हे पाद्री सगळे गोरे होते, हेही खरे नाही. वाटेतल्या मसावा बंदरावर तुर्कांचा पहारा होता आणि युरोपीय माणूस लगेच ओळखू येई. म्हणून 1598 मध्ये गोव्याचे मेल्कियोर द सिल्वा तिकडे गेले. जन्माने ब्राह्मण, धर्मांतरानंतर पाद्री झालेले.

पाद्र्यांचा पहिल्यापासून छळच झाला, हा समज तर जेज्वीट पेद्रो पाएस यांच्यावर अन्याय करणारा आहे. गोव्याहून निघालेले पाएस अरबस्तानात सात वर्षे कैदेत होते. सुटून परत आले आणि 1603 मध्ये पुन्हा निघून इथिओपियात पोहोचलेच. तिथली भाषा शिकले, धर्मग्रंथांची गीझ भाषाही शिकले, राजाच्या विश्वासातले झाले. 1622 मध्ये सुसेन्योस राजाने उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला. त्याच वर्षी पाएस वारले.

पुढे बिघडले ते सक्तीमुळे. 1625 मध्ये आलेल्या जेज्वीट धर्माधिकारी आफोन्सो मेंदिश यांनी जुन्या धर्मगुरूंना नव्याने दीक्षा, लोकांना पुन्हा बाप्तिस्मा, सुंतेला बंदी असा धडाका लावला. शनिवार पाळण्यावर राजाने आधीच बंदी घातली होती. अणदूरच्या शेतकऱ्याला ऐन पोळ्याच्या दिवशी बैल औताला जुंपायला लावावेत, तशी ही गोष्ट. गावेच्या गावे बंडाला उठली. राजाच्या फौजेने आपल्याच रयतेची हजारो माणसे कापली. छळाची गोष्ट सांगताना ही माणसे वगळली जातात आणि ते मनाला लागते.

1632 मध्ये सुसेन्योसने जुना धर्म परत दिला आणि गादी मुलाच्या, फासिलिदासच्या हवाली केली. त्याने पाद्र्यांना हाकलले. मागे लपून राहिलेले बिशप आपोलिनार द आल्मेदा 1638 मध्ये फासावर गेले. त्याच वर्षी कापुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या दोन पाद्र्यांनाही फाशी झाली. हाकललेले मेंदिश वाटेत तुर्कांच्या कैदेत सापडले आणि सुटून गोव्यात परतले. परत जाण्याची आस त्यांनी सोडली नाही, पण शेवटी ते गोव्यातच वारले.