सात मशिनी, एक खोली

माझ्या मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत शिरताना आधी खाली बघायचं, नाहीतर ठेच ठरलेली! मावशी गोधड्या शिवते आणि तिथे तब्बल सात शिलाई मशिनी आहेत. एवढ्या कशाला, असं तुम्हालाही वाटलं ना? तिचा हिशेब ऐका. जुन्या साड्यांचे तुकडे जोडायला पायमशीन, लांब पट्ट्यांना मोटरवाली, कोपऱ्यांना हातमशीन, कारण ती टाका-टाका मोजून चालवता येते. एकीचं शटल होडीच्या आकाराचं, म्हणून तशीच दुसरी सुट्या भागांसाठी. उरलेल्या दोन? "भंगारवाला नेत होता गं, बघवलं नाही." थरांवरचा धावदोरा मात्र ती हातानेच घालते.

१८४६ मध्ये एलियास हाउने पेटंट घेतलेला दोन दोऱ्यांचा टाका आजही तोच आहे. म्हणूनच निगा राखली, तेल घातलं की पणजीच्या काळातली मशीनही चालते.

आता मावशीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. भाड्याच्या घरात दोनच मशिनी मावतील. तुमच्या माळ्यावर एखादी सिंगर असेल, तर भंगारात देण्याआधी तिचा सिरियल नंबर बघा, त्यावरून साल शोधता येतं. मावशीची हातमशीन आजीपेक्षा वयाने मोठी निघाली! ती सध्या माझ्या होस्टेलच्या पलंगाखाली आहे. अजून चार घरं शोधायचीत.