उष्ण-कोरड्या हवामानातील लघु उद्यानाची रचना : सोलापूर शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर शहरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विडी व यंत्रमाग उद्योगांतील अनेक कामगारांच्या पत्र्याच्या घरांत दुपार असह्य होते. अशा वस्तीतील अर्ध्या एकराचे उद्यान हे केवळ शोभेचे स्थळ नसून उन्हापासूनचा आसरा होय. म्हणून त्याच्या रचनेत हिरवळीपेक्षा सावलीस अग्रक्रम देणे आवश्यक ठरते.

पाण्याचा हिशेब :
एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीस दररोज ६ मि.मी. पाणी लागते असे गृहीत धरल्यास १,००० चौ. मी. हिरवळीसाठी रोज ६,००० लिटर पाणी खर्ची पडेल. शहराचे पाणी मुख्यतः दूरच्या उजनी धरणातून येत असताना हा खर्च समर्थनीय नाही. शिवाय हिरवळ सावली देत नाही. याउलट स्थानिक वृक्षांना पहिली दोन-तीन वर्षे नियमित पाणी दिल्यास पुढे त्यांची मुळे खोलवरचा ओलावा मिळवू लागतात.

वृक्षांची निवड व मांडणी :
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतीची सावली उपयोगी पडत नाही. वर पसरलेला पर्णसंभारच हवा. कडुनिंब व करंज यांना उन्हाळ्याच्या प्रारंभी नवी पालवी फुटते, त्यामुळे मे महिन्यात त्यांची सावली दाट असते. पळस व बहावा फुलतात तेव्हा त्यांची पाने बहुतांशी गळलेली असतात. म्हणून ते बाकांजवळ न लावता कडेला लावावेत. दुपारनंतरचे तिरपे ऊन अडविण्यासाठी पश्चिमेस झाडांची दाट रांग असावी. फरसबंदी मोजकीच ठेवून तिचा उतार झाडांच्या आळ्यांकडे द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचेल.

निष्कर्ष :
अनेक शहरांत सार्वजनिक उद्याने दुपारी बंद ठेवली जातात. सावलीची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी फाटकास कुलूप असेल, तर उत्तम रचनाही निष्फळ ठरते. म्हणून वृक्ष, पाणी आणि उद्यानाची वेळ या तिन्हींचा विचार आराखड्यातच एकत्रितपणे होणे अगत्याचे आहे.