ज्याच्याकडे आहे, त्याला विचारा

१८९८ च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातल्या वॉरन या लहानशा गावचा एक कारखानदार क्लीव्हलँडला गेला. अलेक्झांडर विंटन यांच्या कारखान्यातून त्याने कोरी मोटारगाडी विकत घेतली आणि ती स्वतः चालवत घरी निघाला. अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे. पण गाडी वाटेत अशी अडून बसली की शेवटी घोडे जुंपून ती ओढत आणावी लागली.

या कारखानदाराचे नाव जेम्स वॉर्ड पॅकार्ड. लीहाय विद्यापीठातून यांत्रिकी शिकलेले आणि थोरला भाऊ विल्यम डाउड यांच्यासोबत १८९० पासून विजेचे दिवे बनवणारे हे गृहस्थ बिघडलेल्या यंत्रापुढे हात टेकणारे नव्हते. त्यांनी गाडी खोलली, दुरुस्त केली, काय काय बदलायला हवे याची यादी केली आणि ती घेऊन पुन्हा पुन्हा विंटन यांच्याकडे गेले. एके दिवशी वैतागून विंटन म्हणाले की एवढे कळते तर स्वतःच का बनवत नाही, असे सांगतात. पॅकार्ड यांनी ते मनावर घेतले. विंटन यांच्याच कारखान्यातले जॉर्ज वाइस आणि विल्यम हॅचर हे दोघे त्यांना येऊन मिळाले आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी एका सिलिंडरची पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर धावली. ती गाडी आजही आहे. लीहाय विद्यापीठात पॅकार्ड यांच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेच्या इमारतीत ती जपून ठेवली आहे.

अमेरिकेतल्या सगळ्यात प्रतिष्ठित मोटारींपैकी एकीचा जन्म असा एका नाराज गिऱ्हाइकाच्या पोटी झाला. पुढच्या साठ वर्षांचा सगळा चढउतार मला याच एका गोष्टीच्या आधाराने समजतो. थोड्याच दिवसांत एका माणसाने कंपनीला पत्र पाठवून गाडीची माहितीपुस्तिका मागितली. पुस्तिका छापलेलीच नव्हती. पॅकार्ड यांनी आपल्या सेक्रेटरीला सांगितले की त्याला लिहा, ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. १९०१ मध्ये हे वाक्य जाहिरातीत आले आणि कंपनी असेपर्यंत टिकले. गाडीची हमी कारखान्याने द्यायची नाही, तर पैसे मोजून बसलेल्या मालकाने द्यायची! असे बोलायला छातीत दम लागतो, आणि ते निभवायला कारखान्यातल्या प्रत्येक कारागिराचा हात लागतो.

दोन वर्षांनी या शब्दाची परीक्षा झाली. १९०३ मध्ये टॉम फेच आणि पत्रकार मारियस क्रारुप यांनी बारा अश्वशक्तीची एका सिलिंडरची पॅकार्ड सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला नेली. पश्चिमेकडे रस्ता म्हणावा असे फारसे काही नव्हते. नेवाडाच्या वाळूत चाके रुतू लागली की कॅनव्हासच्या लांब पट्ट्या अंथरायच्या, गाडी पुढे घ्यायची, मागच्या पट्ट्या गुंडाळून पुन्हा पुढे अंथरायच्या. ६१ दिवस लागले. त्याच उन्हाळ्यात खंड ओलांडणारी पहिली मोटार महिनाभर आधी न्यूयॉर्कला पोचली होती. तिला ६३ दिवस लागले होते, आणि ती विंटन होती.

तोवर धंद्याची सूत्रे हेन्री जॉय यांच्याकडे गेली होती. रेल्वेत पैसा कमावलेल्या घराण्यातल्या या डेट्रॉइटकराने पॅकार्ड पाहिली, घेतली आणि मग कंपनीतच पैसे घातले. १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला ईस्ट ग्रँड बूलेव्हार्डवर हलला. जेम्स पॅकार्ड मात्र हलले नाहीत. नाव गेले, माणूस वॉरनमध्येच राहिला.

नव्या कारखान्याच्या इमारती अल्बर्ट कान या तरुण वास्तुरचनाकाराने काढल्या. पहिल्या नऊ जुन्या गिरण्यांच्या धर्तीच्या होत्या: लाकडी तुळया, दाट खांब, अंधारी दालने, आणि तेल मुरलेल्या जमिनीमुळे आगीची सततची धास्ती. १९०५ ची दहावी इमारत त्यांनी सळईच्या काँक्रीटची बांधली. खांबांमधले अंतर वाढले, भिंतींच्या जागी खिडक्या आल्या आणि कामाच्या बाकावर दिवसाचा उजेड पडला. विसाव्या शतकातला कारखाना कसा दिसेल हे ठरवणाऱ्या इमारतींमध्ये तिची गणना होते.

१९१५ मध्ये ‘ट्विन सिक्स’ आली. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या जोडून बनवलेले बारा सिलिंडरचे इंजिन एवढ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत त्याआधी कुणी घातले नव्हते. सिलिंडर कमी असले की प्रत्येक स्फोटाचा हिसका गाडीला जाणवतो. बारा असले की एकाचा जोर ओसरायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो, आणि गाडी चढावरही गिअर न बदलता, आवाज न चढवता जाते. किंमत होती २,६०० डॉलरपासून पुढे. फोर्डची मॉडेल टी त्या वेळी पाचशेच्या आत मिळत होती. १९२१ मध्ये वॉरन हार्डिंग हे राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला मोटारीतून जाणारे पहिले अध्यक्ष ठरले. ती मोटार ट्विन सिक्सच होती. पुढे एंझो फेरारी यांना बारा सिलिंडरची जी ओढ लागली, तिच्या मुळाशीही ही अमेरिकन गाडी होती.

या इंजिनामागचा माणूस जेसी व्हिन्सेंट. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा विमानासाठी एक प्रमाण इंजिन तातडीने हवे होते. व्हिन्सेंट आणि कॅलिफोर्नियाचे एल्बर्ट हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात खोली दिली गेली. पाच दिवसांनी ते बाहेर आले तेव्हा लिबर्टी इंजिनाचे आराखडे तयार होते. गंमत अशी की कॅडिलॅकचे संस्थापक हेन्री लेलँड यांनी याच इंजिनाच्या उत्पादनासाठी नवी कंपनी काढली आणि तिला लिंकन नाव दिले. म्हणजे अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या आलिशान मोटारींचे धागे त्या इंजिनाभोवती गुंतलेले आहेत.

विसाचे दशक पॅकार्डचे. अध्यक्ष अल्व्हान मॅकॉली यांनी दरवर्षी नवे रूप काढायचे टाळले. मोटारीचा तोंडवळा कायम ठेवला: रेडिएटरच्या वरच्या कडेला बैलाच्या जूसारखा बाक आणि चाकांच्या मधोमध लाल षटकोन. अमेरिकेतही त्या बाकाला जूचेच नाव होते. दुरून येणारी गाडी कोणती, हे शेंबडे पोरही सांगू शके, आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेली गाडी नव्या गाडीशेजारी उभी केली तर मालकाला ओशाळे वाटत नसे. डेट्रॉइटच्या उत्तरेला १९२७ साली कंपनीने चाचणीसाठी अडीच मैलांचा लंबवर्तुळाकार काँक्रीट मार्ग बांधला. पुढच्याच वर्षी लिऑन ड्यूरे यांनी त्यावर ताशी १४८ मैलांचा वेग गाठला. वर्षाला चाळीस हजारांहून अधिक गाड्या खपत होत्या. महाग मोटारींमध्ये कॅडिलॅक मागे पडली होती.

जेम्स पॅकार्ड यांना आयुष्यभर घड्याळांचा नाद होता. यंत्रे कितपत बारीक होऊ शकतात हे पाहण्यासाठीच जणू ते स्वित्झर्लंडच्या कारागिरांना एकाहून एक अवघड घड्याळे बनवायला सांगत. १९२७ मध्ये पाटेक फिलिप यांनी त्यांना एक खिशातले घड्याळ बनवून दिले. मागचे झाकण उघडले की निळ्या तबकडीवर पाचशे सोनेरी तारे. ते आकाश वॉरनचे होते; त्या गावातून रात्री जसे दिसते तसे, घड्याळाबरोबर फिरणारे. पॅकार्ड तेव्हा आजारी होते. मार्च १९२८ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षीची मंदी त्यांनी पाहिली नाही.

मंदीने श्रीमंतांची संख्या घटवली, आणि जे श्रीमंत उरले त्यांना लांबलचक मोटारीतून उतरताना संकोच वाटू लागला. १९३४ मध्ये पॅकार्डचा खप दहा हजारांच्या आत आला. पिअर्स-ॲरो, मार्मन, पीअरलेस अशी तोलामोलाची नावे एकेक करून मिटत होती. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्स होती, लिंकनच्या पाठीशी फोर्ड. पॅकार्डच्या पाठीशी कुणी नव्हते. तेव्हा १९३५ च्या सुरुवातीला कंपनीने ‘वन-ट्वेंटी’ ही हजार डॉलरच्या आसपासची मोटार काढली. स्वस्त, पण हलकी नव्हे. आठ सिलिंडर, पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि तोच जूचा बाक. लोक तुटून पडले. १९३७ मध्ये आणखी स्वस्त, सहा सिलिंडरची गाडी आली आणि वर्षाचा खप लाखावर गेला.

इथेच पॅकार्डने स्वतःच्या नावावर पाणी सोडले, असे मोटारींच्या इतिहासकारांचे एक घराणे मानते. मला ते अर्धेच पटते. वन-ट्वेंटी नसती तर चाळिसाचे दशक पाहायला कंपनी उरलीच नसती. चूक स्वस्त गाडी काढण्यात नव्हती, तिला वेगळे नाव न देण्यात होती. कॅडिलॅकने धाकट्या गाडीला ला साल म्हटले; वेळ आली तेव्हा ला साल बंद केली आणि कॅडिलॅकवर ओरखडा उठला नाही. इकडे बँकेचा मालक आणि बँकेतला कारकून दोघेही ‘माझ्याकडे पॅकार्ड आहे’ असे म्हणू लागले. ज्याच्याकडे आहे त्याला विचारा हे खरे, पण आता विचारायचे नेमके कुणाला?

तरीही कर्तृत्व संपले नव्हते. १९४० च्या मॉडेलांमध्ये पॅकार्डने वातानुकूलन देऊ केले, कारखान्यातून तयार मिळणारे पहिले. यंत्र डिकीतली निम्मी जागा खाई, आणि उन्हाळा संपला की बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढावा लागे. त्याच वर्षी ब्रिटन हवाई हल्ल्यांखाली होते आणि रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन हवे तेवढे बनत नव्हते. हेन्री फोर्ड यांनी ब्रिटनसाठी ते बनवायला नकार दिला. काम पॅकार्डकडे आले. रोल्स-रॉइसचे फिटर एकेक भाग कानस लावून नेमका बसवत. डेट्रॉइटमध्ये नवख्या हातांनी तेच इंजिन जोडायचे, तर प्रत्येक भाग कुठल्याही इंजिनात चपखल बसायला हवा. हजारो आराखडे नव्याने काढले गेले. स्क्रूचे आटे मात्र ब्रिटिश पद्धतीचेच ठेवले, म्हणजे लढाईच्या मैदानात दोन्ही देशांची इंजिने एकमेकांच्या उपयोगी पडतील. पहिली इंजिने ऑगस्ट १९४१ मध्ये चालली, आणि युद्ध संपेतो पंचावन्न हजारांवर बनली. मस्टँग लढाऊ विमानाला बर्लिनपर्यंत जाऊन परतण्याचे बळ याच इंजिनाने दिले. अमेरिकन नौदलाच्या वेगवान पीटी बोटीत पॅकार्डचीच तीन-तीन इंजिने होती. तिकडे मॉस्कोत स्टालिनच्या राजवटीने आपल्या झिस-११० मोटारीचे रूप पॅकार्डवरून घेतले.

युद्धातून पॅकार्ड कर्जाशिवाय, गाठीला पैसा घेऊन बाहेर पडली. मग तिने वेळ दवडला. १९४८ चे फुगीर रूप लोकांनी ‘गरोदर हत्तीण’ म्हणून हिणवले. कॅडिलॅकने १९४९ मध्ये नव्या पद्धतीचे आठ सिलिंडरचे व्ही इंजिन आणले. पॅकार्ड १९५४ पर्यंत सरळ रांगेतल्या आठ सिलिंडरनाच धरून राहिली. ते इंजिन मखमलीसारखे चाले, पण गिऱ्हाइकाला ते आजोबांचे वाटू लागले होते.

मरणाचा घाव मात्र भलतीकडून आला. बॉडी बनवण्याचे काम पॅकार्डने युद्धापूर्वीच ब्रिग्ज कंपनीला देऊन टाकले होते. १९५२ मध्ये वॉल्टर ब्रिग्ज वारले, वारसांनी धंदा क्रायस्लरला विकला आणि पॅकार्डला बॉडी पुरवणे थांबणार हे कळले. नवे अध्यक्ष जेम्स नान्स यांनी कॉनर अव्हेन्यूवरचा ब्रिग्जचाच एक कारखाना भाड्याने घेतला आणि गाड्यांची अखेरची जोडणी कान यांच्या इमारतींमधून तिकडे हलवली. जागा अपुरी, घाई जबर. १९५५ ची पॅकार्ड कागदावर अप्रतिम होती. नवे व्ही इंजिन, आणि ‘टॉर्शन-लेव्हल’ सस्पेन्शन: स्प्रिंगांऐवजी पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे लांब पोलादी दांडे. पुढचे चाक खड्ड्यात गेले की दांडा पिळला जाई आणि मागचे चाक तो धक्का सावरे. शिवाय ओझे वाढले की विजेची मोटर गाडी आपोआप समतल करी. रिचर्ड टीग यांनी जुन्या बॉडीला दिलेले रूपही देखणे होते. पण त्या अरुंद जागेतून गाड्या घाईने, कच्च्या बाहेर पडल्या. विजेचे बिघाड, गिअरबॉक्सच्या तक्रारी, नीट न बसलेले दरवाजे. डीलरांकडे मालकांची रीघ लागली.

१९५५ चे मालक विचारल्यावर खरे तेच बोलले. पुढच्या मोसमात विक्री पंचावन्न हजारांवरून एकोणतीस हजारांवर आली. कॅडिलॅक त्या वर्षी दीड लाखांच्या घरात होती.

१९५४ मध्ये स्टुडबेकर कंपनीशी झालेले लग्न तारक ठरेल अशी आशा होती, पण तिचे हिशेब आधी नीट तपासलेच गेले नव्हते, आणि तिचा तोटा पॅकार्डला घेऊन बुडाला. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटची शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. नंतरची दोन वर्षे इंडियानात स्टुडबेकरच्या गाड्या पॅकार्डची नावपट्टी लावून विकल्या गेल्या. १९५८ मध्ये अशा २,६२२ गाड्या बनल्या. त्यांच्याविषयी लिहायला हात धजत नाही.

ईस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरचा कारखाना पुढे हळूहळू पडीक होत गेला, आणि डेट्रॉइटच्या पडझडीची छायाचित्रे काढायला लोक जगभरातून तिथे येऊ लागले. २०१३ मध्ये सगळा परिसर लिलावात ४ लाख ५ हजार डॉलरला गेला. २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहराच्या विमान संग्रहालयात एक लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान आहे. उडण्याच्या स्थितीत असलेली अशी जगात दोनच उरली आहेत. या जातीच्या कॅनडात बनलेल्या विमानांना डेट्रॉइटची मर्लिन इंजिने बसवत. उन्हाळ्यात ते बाहेर काढतात. पंखांखालची चार इंजिने एकेक करून सुरू होतात. आधी धुराचा लोट, मग अडखळत दोन-चार स्फोट, आणि मग बारा सिलिंडर एका लयीत लागतात. चौथे इंजिन लयीत आले की वैमानिक ब्रेक सोडतो.