निवडुंगाचे हस्तपरागण : घरच्या घरी फळ आणि संकर

एकेकाळी ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखले जाणारे कुर्डुवाडी हे रेल्वेच्या नकाशावर जितके ठळक आहे, तितकेच ते अवर्षणप्रवण पट्ट्यातही मोडते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वेळेवर येईल याची शाश्वती नसते. गेल्या काही वर्षांत सोलापूर व सांगली जिल्ह्यांच्या शेतांत सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगनफ्रूटच्या वेली चढलेल्या दिसू लागल्या आहेत. ही वेल निवडुंगाच्याच कुळातील होय. परसात किंवा गच्चीवर तिच्या दोन-चार कांड्या लावणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांची तक्रार एकच असते : वेल भरभरून फुलते, पण फळ धरत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे बांधावर कुंपणासाठी लावला जाणारा त्रिधारी निवडुंग किंवा शेर ही झाडे कॅक्टसच्या कुळातील नाहीत. ती एरंडाच्या कुळातील असून मोडताच पांढरा चीक गाळतात. खरा कॅक्टस ओळखण्याची खूण म्हणजे काट्यांच्या बुडाशी असणारी लोकरीसारखी बारीक गादी. फड्या निवडुंगाच्या अंगावर ती स्पष्ट दिसते. हे कुळ जवळजवळ संपूर्णपणे अमेरिका खंडातील आहे. ही झाडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू साठवतात, म्हणून त्यांना पाणी थोडे पुरते.

ड्रॅगनफ्रूटचे फूलही रात्रीचेच. ते सूर्यास्तानंतर उमलू लागते, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच मिटते. त्याच्या मूळ प्रदेशात वटवाघळे व मोठे निशाचर पतंग परागण करतात. आपल्याकडे मधमाश्या पहाटे फुलावर येतात खऱ्या, परंतु तेव्हा फूल मिटण्यास थोडाच अवधी उरलेला असतो. पांढऱ्या गराच्या पुष्कळ वाणांत स्वतःच्याच परागकणांनी फळ धरते. लाल गराच्या अनेक वाणांत मात्र फुलाची कुक्षी स्वतःचे परागकण स्वीकारीत नाही, तिला परक्या वेलीचे पराग लागतात.

खरी अडचण येथे आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. शेजाऱ्याकडून एक कांडी आणली, तिच्या पुढे दहा कांड्या केल्या, तर दिसायला वेली दहा झाल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकच वेल होय. या दहा वेलींनी एकमेकींना कितीही पराग दिले तरी ते स्वपरागणच ठरते. गावात सर्वांनी एकाच ठिकाणाहून कांड्या आणल्या असतील तर गावभर हीच स्थिती राहते. म्हणून लाल गराची वेल लावताना वेगळ्या उगमाची, शक्यतो पांढऱ्या गराची, एक वेल जवळ असावी.

हस्तपरागणास साधने फार थोडी लागतात : चित्रकलेचा मऊ कुंचला, एक कोरडी वाटी आणि विजेरी. रात्री आठ-नऊच्या सुमारास एका वेलीच्या फुलातील पिवळे पराग कुंचल्याने वाटीत झाडून घ्यावेत आणि दुसऱ्या वेलीच्या फुलातील कुक्षीवर लावावेत. ही कुक्षी फुलाच्या मध्यभागी चांदणीसारखी अनेक बोटांची असते. तिच्या सर्व बोटांना पराग लागले पाहिजेत, कारण जितक्या अधिक बिया धरतील तितके फळ वजनदार होते. फुलोरा पावसाळ्यात येतो आणि पावसाने पराग वाहून जातात, म्हणून परागण केलेल्या फुलावर कागदी पिशवी बांधावी. प्लास्टिकची पिशवी बांधू नये, तीत दमटपणा साचून फूल कुजते. चार-पाच दिवसांनी फुलाचा देठाकडील भाग हिरवा राहून फुगू लागला तर परागण साधले असे समजावे. तो पिवळा पडला तर फूल गळणार. फळ साधारण महिन्याभरात तयार होते.

दोन वेली एकाच रात्री फुलल्या नाहीत तर काय करावे? पराग सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या डबीत घालावेत आणि डबी फ्रीजमध्ये ठेवावी. ते काही दिवस टिकतात. बर्फाच्या कप्प्यात तर कित्येक महिने.

फळापुरते एवढे पुरे. नवा वाण निर्माण करावयाचा असेल तर मात्र शिस्त वाढवावी लागते. आई म्हणून निवडलेल्या फुलातील परागकोश ते फुटण्यापूर्वीच चिमट्याने काढून टाकावे लागतात, फूल झाकावे लागते आणि परागण झाल्यावर आईचे नाव, बापाचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी लागते. पांढऱ्या गराच्या वेलीचे पराग लाल गराच्या फुलाला लावले तरी त्या फळाचा गर लालच राहतो, कारण गर आईचा असतो. संकर असतो तो बियांत. त्या बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप वेगळे निघते. यास्तव रोपवाटिकेतून घेताना बियांची रोपे विशिष्ट वाणाची म्हणून कोणी विकत असेल तर ती घेऊ नयेत; वाण टिकतो तो कांडीनेच.

कुंडीतील लहान गोल निवडुंगांवर हाच प्रयोग सोपा जातो. त्यांची फुले बहुधा दिवसा उमलतात. मॅमिलेरियाची फळे तर चक्क लहान लाल मिरचीसारखी दिसतात. बिया धुऊन, सुकवून, जाड वाळू मिसळलेल्या मातीवर नुसत्या पसराव्यात. वर माती घालू नये. कुंडी काचेने झाकून सावलीत ठेवली की उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत मोहरीएवढे हिरवे मणी दिसू लागतात. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात मात्र वर्षाचे रोपही भाजते, त्याला जाळीची सावली हवीच.

या उद्योगाला आणखी एक बाजू आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार निवडुंगाच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात आहेत आणि त्यांच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे शौकिनांसाठी रानातून होणारी उपट. आंतरराष्ट्रीय करारान्वये जवळजवळ सर्व निवडुंगांच्या व्यापारावर नियंत्रण असून परदेशातून परवान्याविना रोप मागविणे हा गुन्हा ठरतो. घरी बियांपासून वाढविलेल्या प्रत्येक रोपाने ती मागणी तेवढी कमी होते.

ड्रॅगनफ्रूटवर बारामतीजवळ माळेगाव येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत काम झाले आहे. लागवडीसंबंधी तेथे किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. शाळांनी हा प्रयोग घ्यावयाचा तर मॅमिलेरिया निवडावा. पाचवीच्या मुलांनी पेरलेल्या रोपांना पहिले फूल येईल तेव्हा ती मुले आठवी-नववीत गेलेली असतील. म्हणून संकराची नोंदवही मुलांकडे न देता शाळेच्या दप्तरी ठेवावी.