झाड पाडण्याआधी ठरवायच्या गोष्टी : खाच, बिजागरी आणि दोर

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातील गावागावांत घरावर झुकलेला माड, रस्त्यावर आलेली आंब्याची फांदी किंवा वीजतारांना टेकलेला गुलमोहर उतरवण्याची घाई सुरू होते. कुऱ्हाड, पेट्रोलवर चालणारी करवत, एखादा दोर आणि चढणाऱ्याचे धाडस एवढ्या भांडवलावर हे काम बहुधा केले जाते. धाडस आवश्यकच असते. मात्र अपघात टळतो तो आधी घेतलेल्या निर्णयांमुळे. ते निर्णय घेण्यासाठी वर चढलेल्याला आणि खाली उभ्या असलेल्याला सारख्याच अर्थाचे शब्द ठाऊक असावे लागतात. ‘सोड’ ही हाक फांदीच्या दोरासाठी आहे की माणसाच्या, याचा घोळ एकदाच होतो.

खाच, बिजागरी, मागचा काप

जमिनीवरून उभे झाड पाडताना तीन संज्ञा महत्त्वाच्या आहेत. ज्या दिशेला झाड पाडायचे, त्या बाजूला प्रथम पाचरीच्या आकाराची ‘खाच’ घेतली जाते. तिची खोली खोडाच्या व्यासाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी असते आणि तिचे तोंड जितके रुंद, तितका वेळ झाड ताब्यात राहते. त्यानंतर विरुद्ध बाजूने ‘मागचा काप’ घेतला जातो. तो खाचेपर्यंत न्यायचा नसतो. दोहोंमध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी न कापलेली लाकडाची पट्टी राखायची असते, हीच ‘बिजागरी’. दाराची बिजागरी दाराला ठरावीक दिशेनेच वळू देते, तशीच ही पट्टी झाडाला खाचेकडे झुकवते. ती पूर्ण कापली गेली, की झाड कोणाचेही ऐकत नाही.

पुढे झुकलेल्या झाडात आणखी एक धोका असतो. मागचा काप पूर्ण होण्याआधीच खोड उभे चिरते आणि मागचा भाग प्रचंड वेगाने कापणाऱ्याच्या अंगावर उसळतो. म्हणून करवत सुरू करण्यापूर्वीच ‘सुटकेची वाट’ मोकळी केली जाते. ती झाडाच्या सरळ मागे नसते, तर मागे तिरकी, सुमारे ४५ अंशांत असते. इतरांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर उभे राहावे, असा संकेत आहे.

करवतीचा स्वतःचाही धोका आहे. तिच्या पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत निमिषार्धात कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. त्यासाठीच साखळी थांबवणारा ब्रेक असतो. तो नादुरुस्त असेल तर करवत वापरूच नये. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांचे संरक्षण आणि पायांसाठी खास विजार यांची जोड हवी. या विजारीतील लांब तंतू साखळीत गुंतून तिला जागीच अडवतात.

माडाची गोष्ट वेगळी

माडाला आंबा-फणसासारखे लाकूड नसते. तो एकदल वर्गातील असल्याने त्याचे खोड वर्षागणिक वलये धरून वाढत नाही. बाहेरचा भाग कठीण आणि गाभा मऊ, तंतुमय राहतो. त्यामुळे बिजागरीचा भरवसा इतर झाडांइतका धरता येत नाही. घरांच्या दाटीत माड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यांनी उतरवला जातो तो याचसाठी. शेंडा कुजलेला किंवा खोड पोखरलेले माड तर चढण्यायोग्यच नसतात. तेथे उचलयंत्राचा पाळणा हाच सुरक्षित मार्ग.

चढणाऱ्याचा दोर

पाडेली पायांत दोराचा फास अडकवून माडावर सहज चढतो. पण करवत हाती घेऊन वर थांबायचे असेल, तर कंबर व मांड्यांना आधार देणारा हार्नेस आवश्यक ठरतो. तो झाडाच्या भक्कम भागावरून घेतलेल्या मुख्य दोराला जोडलेला असतो. त्या दोरावर ‘घर्षणगाठ’ बांधली जाते. भार पडला की ती दोराला घट्ट आवळते, भार काढला की सरकते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ याच कुळातली. कापण्याच्या वेळी खोडाभोवती दुसरा छोटा दोरही हवा. करवतीने एक दोर कापला गेला, तरी दुसरा माणसाला धरून ठेवतो. बाजारातला स्वस्त प्लास्टिकचा दोर घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि काथ्याचा दोर दमट हवेत आतून कुजतो. माणसाचा जीव या दोहोंवर टांगू नये.

फांदी उतरवताना

घराच्या छपरावरची फांदी नुसती कापून टाकता येत नाही; ती दोराने उतरवावी लागते. दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला वेढे देऊन धरला जातो. जेटीवर होडीचा दोर खुंटाला गुंडाळतात, तेच हे तत्त्व. भार हातावर न येता घर्षणावर येतो. येथे एक हिशेब विसरला जातो. ५० किलोंचा ओंडका लटकला, की कप्पीवर जवळजवळ १०० किलोंचा भार येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली ओढतात. ओंडका काही फूट कोसळून मग दोराने अडला, तर त्या धक्क्याचा भार कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच तुकडे लहान ठेवावेत, ओंडक्याचा दोर आणि माणसाचा दोर कायम वेगळे असावेत आणि शक्य तेथे त्यांचे रंगही भिन्न असावेत.

काम देण्यापूर्वी

झाड तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. जवळून वीजतारा जात असतील, तर वीज खात्याकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही चढू नये. ओली फांदी आणि ओला दोरही वीज वाहून नेतो. जखमी माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला, तर काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. त्यामुळे वर जाऊन त्याला खाली आणू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस आणि त्याचे साहित्य जागेवरच हवे.

मजुरी ठरवताना घरमालकाने तीन प्रश्न विचारावेत. झाड किंवा तुकडा कोठे पडणार, वरचा माणूस कशाला बांधलेला असणार, आणि तो अडकला तर त्याला खाली कोण आणणार? यांपैकी एकाचेही उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर त्या दिवशी करवत सुरू होऊ देऊ नये.