क्षुधा, लोभ आणि पादांशिक क्रम : उपनगरातील स्थौल्यरुग्णाचे पथ्य

प्रस्तावना

स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयात आला की आपण प्रकृती, अग्नी, कोष्ठ पाहतो, औषधयोजना करतो आणि शेवटी पथ्यापथ्याचा छापील कागद त्याच्या हाती देतो. औषधाच्या मात्रेविषयी आपण जितके काटेकोर असतो, तितके अपथ्य सोडविण्याच्या क्रमाविषयी असतो का? हा प्रश्न मला एका रुग्णामुळे पडला. त्याचे उत्तर ग्रंथात स्पष्ट असूनही माझ्या व्यवहारातून ते निसटले होते, हे प्रांजळपणे नमूद करून हा लेख वैद्यमित्रांपुढे ठेवीत आहे.

मुलुंडला राहणारे, अंधेरी पूर्वेस नोकरी करणारे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ. वजन 96 किलो. सकाळी केवळ चहा, दुपारी दोन पोळ्यांचा डबा, सायंकाळी पावणेसातला अंधेरी स्थानकाबाहेर दोन वडापाव. मग मेट्रोने घाटकोपर आणि तेथून लोकलने मुलुंड. हा नेम सोमवार ते शनिवार. मी त्यांना त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा यांचा योग दिला आणि वडापाव, फरसाण, शीतपेये एकदम बंद करण्यास सांगितले. पहिल्या महिन्यात वजन पाच किलोंनी उतरले. आम्ही दोघेही संतुष्ट झालो. पुढे ते येईनासे झाले. सात महिन्यांनी आले तेव्हा वजन 99 किलो होते आणि रक्ततपासणीत मधुमेहाचे निदान झालेले होते. मधल्या काळात का आला नाहीत, असे विचारता ते म्हणाले, "लाज वाटली, डॉक्टर. काय खाऊ नये ते सगळं तुमच्या कागदावर होतं. पण पावणेसातला अंधेरीला उभं राहिल्यावर काय खायचं, ते नव्हतं."

दोष रुग्णाच्या मनोबलाचा नव्हता. माझ्या उपदेशाचा होता.

क्षुधा कोणती, लोभ कोणता?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, नवेगान्धारणीय, या विषयात मार्गदर्शक आहे. धारण करू नयेत अशा तेरा वेगांत आचार्यांनी क्षुधेची गणना केली आहे. क्षुधावेग रोखल्यास कृशता, दौर्बल्य, अंगमर्द, अरुची, भ्रम ही लक्षणे उद्भवतात. त्याच अध्यायात, धारण करावयाच्या मानस वेगांत लोभाचा उल्लेख आहे. अर्थात भूक दडपायची नाही आणि लोभ मोकाट सोडायचा नाही. आपण रुग्णाला "तोंडावर ताबा ठेवा" असे सांगतो तेव्हा या दोहोंतील भेद पुसून टाकतो.

वरील रुग्णाने सकाळपासून पुरेसे अन्न घेतलेच नव्हते. सायंकाळी त्यास जे जाणवे ते जिव्हालौल्य नव्हते. दिवसभर कोंडलेली क्षुधा होती. तिच्यावर संयमाचा उपदेश करणे म्हणजे अधारणीय वेग धारण करावयास सांगणेच होय.

स्थूल व्यक्तीत ही क्षुधा अधिकच तीव्र असते. अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिक्षुधा व अतितृष्णा यांचा समावेश आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्याने वायू कोष्ठात विशेष संचार करतो आणि अग्नीला प्रदीप्त करतो. अन्न शीघ्र पचते व पुनः आहाराची आकांक्षा होते. आहारकाल चुकल्यास हे अग्नी आणि वायू त्या शरीराला, वणवा वनाला जाळतो तसे पीडतात, असा दृष्टान्त चरकाचार्यांनी दिला आहे. "इतका जाड आणि तरी याला भूक कशी?" हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अन्यायाचे आहे.

देश आणि काल

आहारविधीच्या आठ विशेष आयतनांत देश व काल यांना स्थान आहे. वडापावाचा विचार या दृष्टीने करावा. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो प्रथम मिळू लागला, असे सामान्यतः सांगितले जाते. बसून जेवण्यास वेळ नसलेल्या कष्टकऱ्याचे ते हातात धरून खाण्याचे, स्वस्त अन्न होते. उपनगरे विस्तारली, प्रवास लांबले आणि प्रत्येक स्थानकाबाहेर गाड्या उभ्या राहिल्या. 1996 मध्ये वांद्र्यास परदेशी बर्गरचे दुकान आले. पुढे तशी दुकाने अंधेरी-बोरिवलीपर्यंत पोहोचली. घाटकोपरच्या खाऊगल्लीत पावभाजी व डोशांचे नाना प्रकार मिळतात. पदार्थ बदलले तरी खाण्याची वेळ तीच राहिली : कार्यालय आणि घर यांमधील दीड-दोन तास.

संस्कारांच्या दृष्टीने पाहता हे मैदा, तळण, लवण व तीक्ष्ण चटणी यांचे संयोग आहेत. त्यातच ते उभ्याने व अतिद्रुत खाल्ले जातात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त आहार मुबलक देण्यात आला. पहिल्या प्रकारात त्यांनी दररोज सुमारे 500 कॅलरी अधिक घेतल्या, त्यांचा खाण्याचा वेगही अधिक होता आणि वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. अतिद्रुत भोजनाचा चरकोक्त निषेध येथे सहज आठवतो.

पादांशिक क्रम

अंगवळणी पडलेले अपथ्य शरीराला ओकसात्म्य झालेले असते. ते एकाएकी तोडू नये. नवेगान्धारणीय अध्यायात सांगितल्याप्रमाणे अहिताचा एक पाद, म्हणजे चतुर्थांश, कमी करावा व त्याच्या जागी हिताचा एक पाद घालावा. हा क्रम एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने वाढवीत न्यावा. या दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांत भिन्न मते आढळतात, तथापि तत्त्व एकच आहे. क्रमाने घटविलेले दोष पुनः उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण स्थिर होतात, हे त्याचे फल सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी तर पादाचाही पाद, म्हणजे षोडशांश, सोडण्याची मुभा दिली आहे आणि सहसा केलेला त्याग किंवा स्वीकार रोगकारक होतो असे बजावले आहे.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील लवणाचे उदाहरणही बोलके आहे. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंध, सौवीर या देशांतील लोक दुधासोबतही लवण घेत, असे सांगून आचार्य त्याचे दुष्परिणाम देतात. मात्र त्या लोकांनीही ते क्रमानेच सोडणे श्रेयस्कर, असा निर्णय देतात.

प्रत्यक्ष उपयोजन

वरील रुग्णाचे आठवड्याचे वडापाव मोजले, बारा भरले. त्यांचा पाद म्हणजे तीन. अनेक वर्षांची सवय असल्याने दिवसाऐवजी आठवडा हे एकक मी घेतले. पहिला आठवडा नऊ, पुढील दोन आठवडे सहा, त्यापुढील तीन आठवडे तीन आणि मग बंद. एकूण सहा आठवडे.

परंतु केवळ वजाबाकी म्हणजे पादांशिक क्रम नव्हे. काढलेल्या पादाची जागा भरली नाही तर ती क्षुधा भरते, आणि समोर जे असेल त्याने भरते. म्हणून पुढीलप्रमाणे योजना केली.

1. सकाळचा चहा तसाच ठेवला. सोबत मुगाचे घावन किंवा ज्वारीची भाकरी व भाजी सुरू केली. ज्वारी, मूग, कुळीथ ही धान्ये चरकाने स्थूलासाठी उल्लेखिली आहेत.

2. दुपारच्या डब्यात उसळ वाढविली.

3. सायंकाळी साडेपाचला, कार्यालयातच बसून, मूठभर फुटाणे किंवा ज्वारीच्या लाह्या व पेलाभर पातळ ताक. वडापावाच्या वारीही यात खंड नाही.

4. वडापाव खाण्याचे वार आधी ठरवून कागदावर लिहावयाचे. त्या वारी तो निःसंकोच, बसून, सावकाश खावयाचा. ठरलेल्या वारी खाल्लेला वडापाव हा पथ्यभंग नव्हे, हे स्पष्ट सांगितले.

यातील तिसऱ्या कलमाने निदानही होते. साडेपाचला खाणे होऊनही पावणेसातला वड्याचा वास ओढून घेत असेल तर तो लोभ समजावा. तो धारणीय आहे, आणि पोटात आधार असल्यावर त्याचे धारण करणे अशक्य राहत नाही. या रुग्णास अशा वेळी न थांबता सरळ मेट्रोच्या जिन्याकडे वळावयास सांगितले होते.

व्यायामाबाबतही ग्रंथाचा संकेत हळूहळू वाढविण्याचाच आहे. घाटकोपरला पाय मोकळे करण्यापासून सुरुवात करून महिनाभरात रोज अर्धा तास चालणे साधले.

नऊ महिन्यांनी वजन 89 किलो झाले. मधे गणेशोत्सवात दोन आठवडे क्रम मोडला. तेव्हा पहिल्यापासून सुरुवात न करता आधीच्या पायरीवरून पुढे गेलो. मुख्य म्हणजे क्रम मोडल्यावरही ते चिकित्सालयात आले.

सावधानता

एका रुग्णावरून सिद्धान्त सिद्ध होत नाही, आणि प्रत्येक अपथ्यास हा क्रम लावावयाचा नाही. अ‍ॅलर्जी असलेला पदार्थ तत्काळ बंदच करावा लागतो. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असताना आहार बदलल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते, म्हणून संबंधित चिकित्सकाशी बोलूनच आहार बदलावा. गर्भिणी व बालके यांच्यात वजन उतरविण्याचा आग्रह धरू नये. थायरॉईडची तपासणी राहून जाऊ नये. जो रुग्ण लपून अतिमात्र खातो व नंतर उलटी काढतो, त्यास मानसोपचाराची जोड हवी.

उपसंहार

आपण दिलेल्या अपथ्याच्या यादीतील प्रत्येक शब्द शास्त्रशुद्ध असतो. तरीही क्रमाविना ती अपुरीच राहते. स्थौल्यरुग्णाला पुढील भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हा पदार्थ आठवड्यातून किती वेळा, नेमका किती वाजता, आणि त्यापूर्वी शेवटचे अन्न केव्हा? या उत्तरांतून त्याचा पाद ठरतो. आणि क्रम मोडला तरी परत येण्यास त्याला संकोच वाटू नये, एवढी दक्षता पहिल्याच भेटीत वैद्याने घ्यावी.